मेल सर्व्हरवर पत्ते वळवणे आणि आभासी डोमेन उभारणे : पोस्टफिक्सवरची पहिली मांडणी

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने स्वतःचे डोमेन घेतले की पहिल्याच बैठकीत मागणी येते : ग्रंथपालांचा एक पत्ता हवा, वर्गणीच्या चौकशीसाठी दुसरा, कार्यवाहांचा तिसरा, आणि हे तिन्ही पत्ते प्रत्यक्षात दोनच माणसांनी पाहायचे. पुढे बालविभागासाठी वेगळे डोमेन घेतले जाते आणि त्याचीही पत्रे याच सर्व्हरवर यावीत अशी अपेक्षा असते. पोस्टफिक्स हा ईमेलची पत्रे स्वीकारून पोचवणारा कार्यक्रम आहे. हे सारे एका पोस्टफिक्स सर्व्हरवर कसे बसवायचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. वाचकाला लिनक्सच्या आज्ञा-खिडकीत फाइल उघडून बदलता येते, सर्व्हरवर डेबियन किंवा उबंटू आहे आणि पोस्टफिक्स बसवून झालेले आहे, असे मी धरून चालतो.

लिपीचा खुलासा आधी करतो. आज्ञा, फाइलींची नावे आणि मांडणीतले शब्द मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. यंत्रावर ते मूळ रोमन अक्षरांतच टंकायचे आहेत आणि शब्दांमधली अधोरेखा, टिंब व तिरकी रेघ जशीच्या तशी ठेवायची आहे. उदाहरणांतली डोमेने ‘.एक्झाम्पल’ने संपतात, कारण हा शेवट इंटरनेटच्या नियमांनी नमुन्यांसाठीच राखून ठेवला आहे. आपले मुख्य डोमेन वाचनालय.एक्झाम्पल, दुसरे बालविभाग.एक्झाम्पल आणि सर्व्हरचे स्वतःचे नाव मेल.यजमान.एक्झाम्पल.

पाकीट आणि आतले पत्र

काहीही टंकण्याआधी एक भेद पक्का करावा लागतो. टपालाच्या पत्रात पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या कागदाच्या डोक्यावर लिहिलेला मायना वेगळा. पोस्टमन पाकीटच पाहतो. ईमेलचेही तसेच आहे. आपल्याला पडद्यावर ‘प्रति’समोर जो पत्ता दिसतो तो आतल्या कागदावरचा असतो; सर्व्हर एकमेकांशी बोलताना पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता स्वतंत्रपणे सांगतात, आणि पत्र कुठे जायचे ते त्या पाकिटावरूनच ठरते. आपण जे पत्ते वळवणार आहोत ते फक्त पाकिटावरचे, घेणाऱ्याचे पत्ते. आतला मायना तसाच राहतो, त्यामुळे पत्र कोणत्या पत्त्यावर आले होते हे वाचणाऱ्याला कळते. पोस्टफिक्सकडे ‘कॅनॉनिकल’ नावाचे दुसरे तक्ते आहेत, ते पाकीट आणि मायना दोन्ही बदलतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. नव्वद टक्के कामांना त्यांची गरजच पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक डोमेनला एकच घर

वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना लिहिलेला हा सर्व्हर १९९८ च्या डिसेंबरात लोकांसमोर आला. त्याच्या रचनेत एक कडक शिस्त आहे, आणि ती समजली की पुढचे सगळे सोपे होते : सर्व्हर ज्या डोमेनची पत्रे स्वीकारतो ते प्रत्येक डोमेन नेमक्या एका यादीत असले पाहिजे. याद्या चार आहेत.

पहिली ‘मायडेस्टिनेशन’. या यादीतल्या डोमेनची पत्रे सर्व्हरवरच्या खऱ्या लिनक्स खात्यांना मिळतात. म्हणजे सर्व्हरवर जो जो वापरकर्ता आहे त्याला त्या डोमेनचा पत्ता आपोआप मिळतो. दुसरी ‘व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स’. या डोमेनला स्वतःच्या पेट्या नसतात. तिथला प्रत्येक पत्ता दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्याकडे बोट दाखवतो. तिसरी ‘व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स’. येथे प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र पेटी असते, पण त्या पेटीमागे लिनक्स खाते असावे लागत नाही. चौथी ‘रिले_डोमेन्स’, म्हणजे पत्र घेऊन दुसऱ्या सर्व्हरकडे पोचवण्याची यादी. आपल्याला तिचे काम नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ एवढेच होते की डोमेन दोन याद्यांत होते किंवा एकाही यादीत नव्हते. म्हणून कागदावर डोमेनचे नाव आणि त्यासमोर यादीचे नाव लिहून मगच पुढे जावे. केवळ पत्ते वळवायचे असतील तर दुसरी यादी. लोक थेट या सर्व्हरवरूनच पत्रे वाचणार असतील तर तिसरी. वाचनालयाचे उदाहरण आपण दुसरीत घेऊ आणि शेवटी तिसरीकडे येऊ.

आधी सध्याची स्थिती वाचणे

मुख्य मांडणी ‘/ईटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ’ या फाइलीत असते. तिची एक प्रत शेजारी काढून ठेवावी आणि मग पुढील आज्ञा द्यावी.

पोस्टकॉन्फ -एन

मूळ ठरावांपेक्षा आपल्या फाइलीत जे जे वेगळे लिहिले आहे ते यातून समोर येते. त्यात ‘मायडेस्टिनेशन’ची ओळ डोळ्यांत तेल घालून वाचावी. डेबियनवर पोस्टफिक्स बसवताना ‘सिस्टिम मेल नेम’ विचारले जाते आणि नवखा माणूस साहजिकच तिथे संस्थेचे डोमेन लिहितो. ते नाव मुकाट्याने ‘मायडेस्टिनेशन’मध्ये आणि ‘/ईटीसी/मेलनेम’ या फाइलीतही जाऊन बसते. म्हणजे आपण काम सुरू करण्यापूर्वीच वाचनालय.एक्झाम्पल पहिल्या यादीत दाखल झालेले असते.

याच ठिकाणी मी एकदा चांगलाच फसलो होतो. एका संस्थेची दोन डोमेने बसवताना एक डोमेन दोन्ही याद्यांत राहून गेले. गंमत अशी की तक्त्यात लिहिलेले सगळे पत्ते नीट चालत होते, कारण पत्ते वळवण्याचा तक्ता पोस्टफिक्स येणाऱ्या प्रत्येक पत्राला लावतो, डोमेन कोणत्याही यादीत असो. बिघाड दिसला तो तीन आठवड्यांनी, तक्त्यात नसलेल्या एका पत्त्यावर आलेले पत्र त्याच नावाच्या लिनक्स खात्यात जाऊन पडले तेव्हा. ते डोमेन दोन्ही ठिकाणी लिहू नका, असा इशारा लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून येत होता. मी तो वाचला नव्हता.

तेव्हा ही ओळ अशी करावी :

मायडेस्टिनेशन = $मायहोस्टनेम, लोकलहोस्ट.$मायडोमेन, लोकलहोस्ट

‘मायहोस्टनेम’समोर मेल.यजमान.एक्झाम्पल असे सर्व्हरचे पूर्ण नाव हवे आणि ‘/ईटीसी/मेलनेम’मध्येही तेच नाव ठेवावे. सर्व्हरला संस्थेच्या डोमेनचे नाव देऊ नये. सर्व्हरचे नाव वेगळे आणि डोमेने वेगळी ठेवली की पुढचा गोंधळ टळतो.

वळवायच्या पत्त्यांचा तक्ता

आता ‘मेन.सीएफ’च्या शेवटी दोन ओळी लिहायच्या.

व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स = वाचनालय.एक्झाम्पल, बालविभाग.एक्झाम्पल
व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

पहिली ओळ सांगते की ही डोमेने आमची. दुसरी सांगते की त्यांतले पत्ते कुठे जातात ते अमुक फाइलीत पाहा. ‘हॅश’ हा तक्ता साठवण्याचा प्रकार झाला. तो बर्कली डीबी या साठवणुकीवर चालतो; नव्या काही लिनक्स वितरणांनी ती सोडून एलएमडीबी ही दुसरी साठवण स्वीकारली आहे, म्हणून आपल्या यंत्रावर कोणते प्रकार चालतात ते ‘पोस्टकॉन्फ -एम’ने आधी पाहून घ्यावे, यादीत ‘हॅश’ नसेल तर या ओळीत आणि पुढच्या ‘पोस्टमॅप’ आज्ञांतही त्याऐवजी ‘एलएमडीबी’ लिहावे, बाकी काही बदलत नाही.

मग ‘व्हर्च्युअल’ ही फाइल उघडून तक्ता भरायचा.

पोस्टमास्टर@वाचनालय.एक्झाम्पल   खाते१@लोकलहोस्ट
ॲब्यूज@वाचनालय.एक्झाम्पल   खाते१@लोकलहोस्ट
ग्रंथपाल@वाचनालय.एक्झाम्पल   खाते१@लोकलहोस्ट
वर्गणी@वाचनालय.एक्झाम्पल   खाते१@लोकलहोस्ट, खाते२@लोकलहोस्ट
कार्यवाह@वाचनालय.एक्झाम्पल   खाते२@लोकलहोस्ट
पोस्टमास्टर@बालविभाग.एक्झाम्पल   पोस्टमास्टर@वाचनालय.एक्झाम्पल

डावीकडे आलेला पत्ता, मग मोकळी जागा, उजवीकडे जिथे जायचे तो पत्ता. उजवीकडे एकाहून अधिक पत्ते असतील तर त्यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यावा. शेवटच्या ओळीत उजवीकडचा पत्ता स्वतःच वळवलेला आहे. ते चालते, कारण पत्ता आणखी वळेनासा होईपर्यंत पोस्टफिक्स तक्ता पुन्हा पुन्हा पाहतो. पोस्टमास्टर हा पत्ता शोभेचा नाही. पत्र स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर तो असलाच पाहिजे, असे २००८ चा ‘आरएफसी ५३२१’ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) सांगतो, आणि ‘ॲब्यूज’ हा पत्ता स्पॅमच्या तक्रारींसाठी १९९७ च्या ‘आरएफसी २१४२’ने ठरवून दिला आहे. दुसऱ्या सर्व्हरचा चालक आपल्याला काही कळवू पाहतो तेव्हा तो याच दोन पत्त्यांवर लिहितो.

या सहा ओळींत नवशिक्याच्या दोन चुका नेहमी होतात. पहिली, डावीकडच्या पत्त्यानंतर अपूर्णविराम देणे. ‘/ईटीसी/अलायसेस’ नावाची जुनी फाइल आहे, तिच्यात नावानंतर अपूर्णविराम लागतो. ‘व्हर्च्युअल’मध्ये तो लागत नाही. दिला तर पत्त्याचाच भाग समजला जातो आणि तो पत्ता कधीच सापडत नाही. तक्ता तयार करताना ‘ही अलायस फाइल आहे का’ असे पोस्टफिक्स विचारते, तो प्रश्न उत्तराची वाट पाहत नाही, पण गांभीर्याने घ्यावा. दुसरी चूक उजवीकडे नुसते ‘खाते१’ लिहिण्याची. अशा उघड्या नावाला पोस्टफिक्स ‘मायओरिजिन’ म्हणून जे डोमेन ठरले असेल ते जोडतो, आणि ते डोमेन आभासी, म्हणजे दुसऱ्या यादीतले, असेल तर पत्र फिरून त्याच तक्त्यात येते आणि असा पत्ता नाही म्हणून नाकारले जाते. उजवीकडे नेहमी पूर्ण पत्ता लिहिण्याची सवय यासाठीच.

फाइल जतन केल्यावर :

पोस्टमॅप हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल
पोस्टफिक्स चेक
पोस्टफिक्स रीलोड

‘पोस्टमॅप’ या फाइलीपासून शेजारी दुसरी, यंत्राला झटपट वाचता येणारी फाइल बनवते, आणि सर्व्हर वाचतो ती दुसरी. नंतर तक्त्यात कधीही बदल केला तर ‘पोस्टमॅप’ पुन्हा चालवावेच लागते, ‘मेन.सीएफ’ बदलली असेल तरच ‘रीलोड’ लागते. “पत्ता जोडला पण चालत नाही” ही तक्रार आली की मी प्रथम दोन्ही फाइलींची वेळ पाहतो, आणि बहुधा तिथेच उत्तर सापडते.

बाहेर उभे राहून तपासणे

तक्त्यात पत्ता सापडतो का हे विचारता येते.

पोस्टमॅप -क्यू ग्रंथपाल@वाचनालय.एक्झाम्पल हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

उत्तरात उजवीकडचा पत्ता यावा. ही आज्ञा दिलेला शब्द जसाच्या तसा शोधते, सर्व्हर जसा आधी पूर्ण पत्ता, मग नुसते नाव, मग नुसते डोमेन असा क्रमाने शोधतो तसा शोधत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

खरी परीक्षा सर्व्हरच्या बाहेरून घ्यायची. सर्व्हर स्वतःच्या जाळ्यातल्या यंत्रांवर विश्वास ठेवतो, त्यामुळे आतून केलेल्या चाचणीत ‘हे डोमेन आमचे नाही’ हा नकार कधी दिसतच नाही. दुसऱ्या यंत्रावरून ‘टेलनेट’ने २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडावे, घरगुती जोडणीवरून हे पोर्ट पुष्कळदा बंद असते, तेव्हा दुसरा एखादा भाड्याचा सर्व्हर वापरावा. जोडल्यावर आधी ‘ईएचएलओ’ आणि आपल्या यंत्राचे नाव, मग ‘मेल फ्रॉम’ आणि कोनी कंसात आपला पत्ता, मग ‘आरसीपीटी टू’ आणि तपासायचा पत्ता, असे एकेक टंकावे. आता समोरून येणारा आकडा वाचायचा. २५० आला तर पत्ता मान्य झाला. ५५० आणि ‘युजर अननोन इन व्हर्च्युअल अलायस टेबल’ आले तर डोमेन ओळखले, पण पत्ता तक्त्यात नाही. ५५४ किंवा ४५४ आणि ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ आले तर डोमेनच कोणत्या यादीत नाही. मग ‘क्विट’ म्हणून बाहेर पडावे; मजकूर दिलाच नसल्यामुळे कोणालाही पत्र जात नाही. अस्तित्वात नसलेल्या एखाद्या पत्त्यावरही हे करून पाहावे. तिथे ५५० आलाच पाहिजे. चुकीचा पत्ता दारातच नाकारला जाणे हेही मांडणी बरोबर असल्याचे लक्षण आहे.

शेवटी एक खरे पत्र पाठवून डेबियनच्या ‘/व्हार/लॉग/मेल.लॉग’मध्ये, आणि ती फाइल नसेल तर ‘जर्नलसीटीएल’मध्ये, त्याचा माग काढावा. पोचवल्याच्या ओळीत ‘टू’समोर खाते१@लोकलहोस्ट दिसते आणि लगेच ‘ओरिग_टू’समोर ग्रंथपाल@वाचनालय.एक्झाम्पल दिसते. या दोन पत्त्यांतच वळणाची सारी हकिगत आहे : आला कुठे आणि गेला कुठे. ओळीच्या शेवटी ‘स्टेटस=सेंट’ असले की झाले.

सगळे पत्ते एकाच पेटीत ओतण्याचा मोह

तक्त्यात डावीकडे नाव न लिहिता नुसते ‘@वाचनालय.एक्झाम्पल’ लिहिले तर इतरत्र न सापडलेला त्या डोमेनचा प्रत्येक पत्ता त्या ओळीने वळतो. कोणी ‘ग्रंथपाळ’ असे चुकीचे टंकले तरी पत्र हरवणार नाही, या विचाराने समित्यांना ही सोय फार आवडते. मी तिच्या विरोधात आहे. स्पॅम पाठवणारे डोमेनवर हजारो नावे अंदाजाने ठोकून पाहतात. एरवी त्यातले प्रत्येक दारात नाकारले गेले असते, आता प्रत्येक स्वीकारले जाते. शिवाय चुकीच्या पत्त्यावर पत्र पाठवणाऱ्याला चूक कळवण्याचा मार्गही आपण बंद करतो. चुकीची रूपे खरोखरच येत असतील तर ती दोनचार रूपे तक्त्यात स्वतंत्र ओळींनी लिहावीत.

‘@बालविभाग.एक्झाम्पल’ डावीकडे आणि ‘@वाचनालय.एक्झाम्पल’ उजवीकडे, अशी पूर्ण डोमेन वळवणारी ओळही लिहिता येते. तिने नाव तेच राहून डोमेन बदलते. सोपी दिसते, पण तिच्यातही डावीकडच्या डोमेनवरचे प्रत्येक नाव मान्य होते आणि पत्ता नसल्याचे नंतर, पत्र घेऊन झाल्यावर, कळते. मग परतीचे पत्र बनावट पाठवणाऱ्याच्या नावाने भलत्याच माणसाकडे जाते. पत्ते वीसतीस असतील तर दोन्ही डोमेनांसाठी ओळी लिहून काढणे शहाणपणाचे.

बाहेरच्या पेटीकडे वळवताना

आतापर्यंत पत्रे याच सर्व्हरवरच्या खात्यांकडे वळत होती. कार्यवाह मात्र म्हणणार की मला माझ्या नेहमीच्या जीमेलवरच द्या. तक्त्यात उजवीकडे तो पत्ता लिहिला की काम होते, आणि येथूनच खरी डोकेदुखी सुरू होते.

पाकिटाची उपमा पुन्हा घेऊ. पोस्टमनने जुना पत्ता खोडून नवा लिहिला तरी पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव तेच राहते. एखाद्या बँकेने कार्यवाहांना पत्र पाठवले आणि आपण ते पुढे ढकलले, तर जीमेलला दिसते ते असे : पाठवणारी बँक, पण आणून देणारे यंत्र वाचनालयाचे. बँकेने तर आपल्या डोमेनच्या ‘एसपीएफ’ नोंदीत, म्हणजे त्या डोमेनची पत्रे कोणती यंत्रे पाठवू शकतात त्या यादीत, स्वतःच्या यंत्रांचीच नावे दिली आहेत, म्हणून ही तपासणी नापास होते. सुदैवाने बँकेची ‘डीकेआयएम’ सही पत्राच्या मजकुरावर असते. आपण मजकुराला हात लावला नसेल तर ती टिकते आणि तिच्या आधारे ‘डीमार्क’ची, म्हणजे मायन्यातले पाठवणारे डोमेन खरे आहे का याची, तपासणी पार पडू शकते. म्हणून वळवणाऱ्या सर्व्हरने विषयाच्या ओळीत संस्थेचे नाव घालणे किंवा तळाला सूचना चिकटवणे असले उद्योग करू नयेत. सही नसलेली पत्रे तरीही अडकतात, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल व याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केल्यावर अशा पत्रांना फारशी दयामाया राहिलेली नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ‘एसआरएस’. पुढे ढकलताना पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करायचा आणि मूळ पत्ता त्यातच गुंडाळून ठेवायचा, म्हणजे पत्र परत आले तर उलगडून योग्य ठिकाणी पाठवता येते. पोस्टफिक्ससाठी हे काम ‘पोस्टएसआरएसडी’ नावाचा छोटा कार्यक्रम करतो. डेबियनच्या भांडारात तो मिळतो, आणि त्याला पोस्टफिक्सशी जोडण्याच्या ओळी आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून त्या त्याच्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रातूनच घ्याव्यात. सर्व्हरच्या आयपी क्रमांकाला मेल.यजमान.एक्झाम्पल हे नाव देणारी उलटी नोंद डीएनएसमध्ये (नावे आणि आयपी क्रमांक यांच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत) सेवा देणाऱ्याकडून करून घेणेही आवश्यक आहे. ती नसेल तर मोठे सर्व्हर आपले ऐकूनच घेत नाहीत.

‘एसआरएस’ पत्र पोचवतो, आपली पत मात्र राखत नाही. वाचनालयाच्या पत्त्यावर आलेला स्पॅम आपण पुढे ढकलला की समोरच्याच्या दृष्टीने तो आपणच पाठवलेला असतो. म्हणून बाहेर वळवण्याआधी स्पॅमची चाळणी लावावी, आणि शक्य असेल तिथे बाहेर वळवूच नये. माणसाला याच सर्व्हरवर पेटी द्यावी आणि त्याच्या फोनवरच्या मेल ॲपमध्ये ती जोडून द्यावी. कार्यवाह पहिल्या दिवशी कुरकुरतात, मग विसरून जातात.

पेट्या असलेले आभासी डोमेन

त्यासाठी डोमेन दुसऱ्या यादीतून काढून तिसऱ्या यादीत न्यावे लागते. दोन्हीकडे ठेवायचे नाही, हे आता वेगळे सांगायला नको.

व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स = वाचनालय.एक्झाम्पल
व्हर्च्युअल_मेलबॉक्स_बेस = /व्हार/मेल/व्हीहोस्ट्स
व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हीमेलबॉक्स
व्हर्च्युअल_यूआयडी_मॅप्स = स्टॅटिक:५०००
व्हर्च्युअल_जीआयडी_मॅप्स = स्टॅटिक:५०००

यंत्रावर हे आकडे अर्थातच इंग्रजी पद्धतीने टंकायचे. ५००० हा एका नव्या लिनक्स वापरकर्त्याचा व गटाचा क्रमांक; सगळ्या पेट्यांचा मालक तोच असतो आणि त्याला सर्व्हरवर प्रवेश करता येऊ देऊ नये. ‘व्हीमेलबॉक्स’च्या तक्त्यात डावीकडे ग्रंथपाल@वाचनालय.एक्झाम्पल आणि उजवीकडे ‘वाचनालय.एक्झाम्पल/ग्रंथपाल/’ असा मार्ग लिहायचा. शेवटची तिरकी रेघ महत्त्वाची : ती असेल तर प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते, नसेल तर सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत साठतात. लोकांना पत्रे वाचायला देण्यासाठी डवकॉट नावाचा, पेटीतली पत्रे मेल ॲपला पुरवणारा कार्यक्रम लागतो. तो बसवल्यावर ‘व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट’ने पत्रे थेट त्याच्याकडे सोपवणे अधिक चांगले, मग पेटीचे मार्ग आणि मालकी तोच सांभाळतो.

पत्ते वळवण्याचा पहिला तक्ता या डोमेनलाही लागू राहतो. वर्गणी@ हा पत्ता पेटी न देता ग्रंथपाल@ आणि कार्यवाह@ यांच्याकडे वळवता येतो, तोही याच डोमेनमध्ये. पण माझा सल्ला डावलून कोणी या तक्त्यात ‘@वाचनालय.एक्झाम्पल’ची सर्वसमावेशक ओळ लिहिलीच, तर ती खऱ्या पेट्यांचीही पत्रे गिळते, कारण वळवण्याचे काम पेटी शोधण्याच्या आधी होते. तेव्हा प्रत्येक पेटीसाठी डावीकडे व उजवीकडे तोच पत्ता असलेली एकेक ओळ लिहून तिला वाचवावे लागते.

डोमेन देवनागरीत असेल तर

२०१४ च्या ऑगस्टपासून ‘.भारत’ने संपणारी देवनागरी डोमेने मिळतात, आणि मराठी संस्थांकडे ती असतातही. पोस्टफिक्सने आवृत्ती ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून, देवनागरी पत्त्यांना आधार दिलेला आहे. पण अशा डोमेनला दोन रूपे असतात : एक देवनागरी आणि दुसरे डीएनएसमध्ये वापरले जाणारे रोमन सांकेतिक रूप. पोस्टफिक्स एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करून पाहत नाही. म्हणून यादीत आणि तक्त्यात दोन्ही रूपे लिहावी लागतात, नाहीतर निम्मे पाठवणारे ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ घेऊन परत जातात. शिवाय ‘@’च्या आधीचे नावही देवनागरीत असेल तर पाठवणाऱ्याच्या आणि मधल्या प्रत्येक सर्व्हरला ते समजावे लागते. म्हणून प्रत्येक देवनागरी पत्त्याला जोडीचा रोमन पत्ता द्यावा आणि दोन्ही एकाच पेटीकडे वळवावेत.

सर्वांत शेवटी एमएक्स

डोमेनच्या पत्रांसाठी कोणता सर्व्हर गाठायचा हे जगाला ‘एमएक्स’ नोंद सांगते, आणि नवखे लोक उत्साहाने ती सर्वांत आधी बदलतात. तोपर्यंत तयार नसलेला सर्व्हर खरी पत्रे नाकारू लागलेला असतो. वर सांगितलेल्या बाहेरच्या चाचण्या सगळ्या पत्त्यांसाठी पार पडल्यावरच तिला हात लावावा. आदल्या दिवशी त्या नोंदीची ‘टीटीएल’, म्हणजे इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणावी, म्हणजे बदल लवकर पसरतो. नोंदीत प्राधान्याचा आकडा, उदाहरणार्थ १०, आणि पुढे मेल.यजमान.एक्झाम्पल हे नाव. तिथे आयपी क्रमांक चालत नाही आणि ‘सीनेम’ने दुसरीकडे बोट दाखवणारे नावही चालत नाही. नावाला स्वतःची ‘ए’ नोंद, म्हणजे थेट आयपी क्रमांक सांगणारी नोंद, हवी. दोन नोंदी असतील तर लहान आकड्याला आधी मान मिळतो.

बदलाच्या दिवसांत ‘मेन.सीएफ’मध्ये एक ओळ तात्पुरती घालावी :

सॉफ्ट_बाउन्स = येस

तिच्यामुळे सर्व्हर कायमचा नकार देण्याऐवजी ‘नंतर या’ असे सांगतो, आणि पाठवणारे सर्व्हर सहसा चारपाच दिवस पुन्हा पुन्हा येत राहतात. तक्त्यात एखादा पत्ता राहून गेला असेल तर तो तेवढ्या अवधीत लॉगमध्ये दिसतो, जोडता येतो आणि पत्र पोचते. जुना सर्व्हरही तेवढे दिवस चालू ठेवावा, कारण जुनी नोंद लक्षात ठेवलेले काही जण तिथेच पत्र टाकत असतात. लॉगमध्ये रोज सकाळी ‘युजर अननोन’ शोधून पाहावे. दोनतीन दिवस त्यात ओळखीचे एकही नाव दिसले नाही की ‘सॉफ्ट_बाउन्स’ची ओळ काढून ‘पोस्टफिक्स रीलोड’ करावे. ती राहून गेली तर चुकीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या माणसाला त्याची चूक लगेच न कळता पाच दिवसांनी कळते, आणि तोवर वर्गणीची मुदत संपलेली असते.